न शिवलेला कावळा

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलालाही नाही. माझ्या दोन पुस्तकांत नाही, भाषणांत नाही — आणि मी स्वतःविषयी लिहायला काही बाकी ठेवलंय अशातला भाग नाही. सुकलेल्या तुळशीवर लिहिलंय, गुडघेदुखीवर लिहिलंय, एकदा तर हरवलेल्या चमच्यावर चांगली दोन पानं भरली होती. हे मात्र कुठेच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर तुमच्याशीही खोटंच बोलले असते, सवय आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी पेणची, म्हणजे सासर पेणचं, माहेर नागोठण्याचं. घर सांभाळते आणि ललित लेख लिहिते. पेण-रोह्याच्या पट्ट्यात महिला मंडळं, वाचनालयं मला बोलावतात. विषय ठरलेला — संसार, मनःशांती आणि वाचन-लेखन यांचा समतोल. मागे फलक, टेबलावर शेवंतीचा गुच्छ, आणि समोर घरातली दुपारची भांडी तशीच टाकून आलेल्या बायका. त्यातली एक हमखास विचारते, ताई, तुम्ही हे सगळं बसवता तरी कसं? मी थोडं थांबते. थांबलं की माणूस खोल वाटतो. मग सांगते की मी पहाटे साडेचारला उठते, घर जागं होण्याआधीचे दोन तास माझे. बायका माना डोलावतात. रोह्याच्या एका बाईंनी तर ते पर्समधल्या कागदावर टिपून घेतलं. साडेचार! मी साडेचार वाजलेले पाहिलेत ते फक्त गाडी पकडायची असेल तेव्हा. एरवी सातला सासूबाईंनी हाक मारल्याशिवाय मी कधी कूस बदलली नाही.

बिचारी टिपून घेत होती आणि मी व्यासपीठावरून तिच्याकडे मायेने बघत होते. त्या मायेची मला आज किळस येते.

खरं उत्तर अगदी सोपं होतं. मला कावळा शिवायचा.

तुम्ही शहरातले असाल, तरुण असाल, तर कदाचित हा शब्द फक्त ऐकून माहीत असेल. आमच्या घरात तो रोजच्या वापरातला होता. बाईची पाळी आली की तिला कावळा शिवला म्हणायचं, आणि मग चार दिवस तिने बाजूला बसायचं. मागच्या पडवीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाकघरात पाऊल नाही, पिण्याच्या पाण्याला हात नाही, देवाकडे फिरकायचं नाही. त्यात आमच्या पुढच्या अंगणातली शेड गणपतीच्या कारखान्याला भाड्याने दिलेली. वर्षातले आठ-दहा महिने तिथे मूर्ती उभ्या. त्यामुळे त्या दिवसांत पुढच्या दाराने येणं-जाणंसुद्धा बंद.

लग्न होऊन आले तेव्हा मी एम. ए. झालेली होते, आणि ही माहिती मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना दिली होती. पहिल्यांदा पडवीत बसवलं तेव्हा मी रडले. अपमान झाला, शिक्षण फुकट गेलं, वगैरे. दुसऱ्या दिवशी रडून कंटाळा आला म्हणून माहेराहून आणलेल्या पेटीतली एक जाडजूड कादंबरी काढली. चौथ्या दिवशी ती संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस कुणी मला हाकच मारली नाही. पोळ्या करायच्या नव्हत्या. पाहुण्यांसमोर जायचं नव्हतं. ताट वेळेवर समोर येत होतं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात गेले, आणि खरं सांगू? — मला वाईट वाटलं. आत जायचं वाईट वाटलं.

मैत्रिणी हळहळायच्या. कसं गं सहन करतेस या काळात? मी खाली बघायचे. काय उत्तर देणार, की मी दिवस मोजत असते म्हणून? आणि मग — कधी सुरू झालं ते आठवत नाही — कावळा लवकर यायला लागला. जायला उशीर करायला लागला. घरी लग्नाची पाहुणेमंडळी येणार, कावळा. वर्षाचे पापड, कावळा. एखादा लेख अडलाय, संपादक मागे लागलेत, की कावळा महिन्यात दुसऱ्यांदा हजर. त्याचं खरंखोटं कोण करणार? जी गोष्ट बोलायचीच नाही, तिच्यात खोटं बोलण्याइतकं सोपं काही नसतं. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "तुझा कावला लय फिरतो गो हल्ली." मी अशक्तपणा आहे म्हटलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला खजूर आणि तूप द्यायला सुरुवात केली. ते मी पडवीत बसून, पुस्तकाला तूप लागू न देता खाल्लं.

लोकांना वाटतं, या रिवाजात बाजूला बसणारी पिळली जाते. बऱ्याच घरांत जात असेल. आमच्या घरात जी पिळली जात होती ती चुलीपाशी उभी होती. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेले होते. ओट्याला एक हात टेकून त्या भाकऱ्या थापायच्या, आणि मी भिंतीपलीकडे बसून 'स्त्रीच्या अंतर्मनातली शांतता' असलं काहीतरी खरडत असायचे. ते छापूनही यायचं. शांतता म्हणे. ती माझी नव्हतीच, त्यांच्या गुडघ्यांवर उभी होती.

मुलाचंही सांगून टाकते. तो लहान असताना एकदा तापाने फणफणला होता. पडवीच्या दारात येऊन उभा राहिला, आई घे म्हणाला. मी एका चांगल्या परिच्छेदाच्या मध्यात होते. म्हटलं, मला शिवायचं नाही राजा, आजीकडे जा. तो गेला. कावळा तेव्हा शिवलेला नव्हता. परिच्छेद पुरा झाला, पुढे तो माझ्या पहिल्या पुस्तकात आला, विषय — मातृत्व. हसा, हसण्यासारखंच आहे.

पण हे सांगायला मी बसलेली नाही. हे मी एखाद्या गमतीदार लेखात घालू शकले असते, लोकांनी टाळ्याही दिल्या असत्या. टाळ्या मिळणार नाहीत असं जे आहे त्याच्याकडे यायला मी वळसे घेतेय, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि रेवती घरात आली. रोह्याची मुलगी. तिच्या माहेरी हे काही नव्हतं. आली, बसवली तशी बसली, काही बोलली नाही. हसरी होती, हाताला झपाटा होता. कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या माणसांना दोन वेळचा चहा घरातून जायचा, तो तिने आपणहून अंगावर घेतला. ती माणसं तिला 'चहावाल्या वैनी' म्हणायची आणि तिला ते आवडायचं.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली, मूल झालं नाही. आता विचार करा — बाजूला बसणं म्हणजे काय असतं अशा बाईला? मला एकांत मिळायचा. तिला काय मिळायचं? या महिन्यातही नाही, हे साऱ्या आळीला कळायचं. सकाळी पडवीत तिची चटई दिसली की सासूबाईंच्या तोंडून सुस्कारा निघायचा, शेजारीण कुंपणावरून डोकावून मान हलवायची, आणि चहा घेऊन रेवतीऐवजी म्हातारी येताना दिसली की रंगवणारी माणसंसुद्धा एकमेकांकडे बघायची. दर महिन्याला. तिच्या पोटातली गोष्ट, जी तिने अजून नवऱ्यालाही धड सांगितलेली नसायची, ती चटईवर मांडून ठेवलेली.

एके दिवशी तिने मला गाठलं. तिला माझं कौतुक होतं — मी लेखिका ना! माझे लेख ती कापून ठेवायची. रडली नाही. म्हणाली, मला काम टाळायचं नाही, दुप्पट काम सांगा, पण हे असं सगळ्यांसमोर बसवणं बंद करा. तिला वाटायचं, आई माझं ऐकतील. मोठी सून मी, शिकलेली मी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शब्द दिला. मी बोलते आईंशी, तू निश्चिंत राहा. तो शब्द देताना मला स्वतःविषयी फार छान वाटलं होतं, तेही कबूल करते.

बोलले का? नाही. आज बोलू, उद्या बोलू. माझ्या दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं यायची होती.

पुढच्याच महिन्यात आम्ही दोघी एकदम बाजूला. रेवती खरी, मी खोटी. प्रुफं आली होती ना. थंडीचे दिवस, दुपार. रेवती ओढ्यावर आपले कपडे धुवायला गेलेली. मी पडवीत पेन्सिल घेऊन बसलेली. सासूबाई मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊन उंबऱ्याच्या आत येऊन बसल्या आणि बिरड्यासाठी एकेक वाल सोलायला लागल्या. दोन सुना घरात असून म्हातारी एकटी वाल सोलतेय. मी डोकं वर केलं नाही. अर्धं पातेलं सोलून झालं. मग म्हणाल्या,

"मोठे, मला आता होत नाय. आन् ती पोर पन सुकत चाललीय गो. बंद करूया का हे? तू शिकलेली हायस. तू सांगशील तसा करू."

म्हणजे मला काही करायचंच नव्हतं. भांडायचं नव्हतं, पटवायचं नव्हतं. हो एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर! आणि त्या मला विचारत होत्या. आयुष्यभर कुणाला काही न विचारलेली ती बाई मला विचारत होती, कारण मी शिकलेली.

मी हातातल्या प्रुफाकडे पाहिलं. पुढची प्रुफं कुठे बसून वाचणार? माझ्या मनात आलं ते हेच. दुसरं काहीही आलं नाही, रेवती आली नाही, त्यांचे गुडघे आले नाहीत. रेवतीला सोडा, मी बसते, असं म्हणता आलं असतं का? पण मग लोक म्हणाले असते, एम. ए. झालेली बाई आपणहून पडवीत का बसते? आणि कुणाला तरी खरं कळलं असतं.

मी म्हणाले, "नको आई. दारात गणपती असतात आपल्या. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आपल्या हातून मोडायला नको."

त्यांनी हातातला वाल पातेल्यात टाकला. "व्हय," म्हणाल्या. "तू म्हनतेस तर राहू दे." आणि वाल सोलत राहिल्या.

रेवती धुणं घेऊन परत आली तेव्हा तिने डोळ्यांनीच विचारलं. मी पण कशी बघा — उसासा टाकला. तिला जवळ बसवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की मी आत्ताच बोलले, खूप बोलले, पण आई ऐकत नाहीत. जुन्या वळणाच्या आहेत गं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिने माझा हात धरला. आतून पातेल्यात वाल पडल्याचा आवाज येत होता.

इथे थांबले असते तरी खूप होतं. पण माझ्यासारख्या माणसाला थांबता येत नाही, कारण एक खोटं टिकवायला रोज थोडं घालावं लागतं. रेवती सासूबाईंशी तुटक वागायला लागली. त्यांनी वाढलेलं ताट तसंच परत जायचं. वर्षभरात दिराने रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत नोकरी धरली आणि दोघं रोह्याला वेगळी राहायला गेली. सासूबाई टेम्पो रोह्याच्या रस्त्याला लागेपर्यंत फाटकाशी उभ्या होत्या. घरात येऊन मला म्हणाल्या, "मी काय केला गो तिचा?" तेव्हा तरी? तेव्हाही नाही. मी म्हटलं, आजकालच्या मुली अशाच असतात आई.

रोह्याला गेल्यावर रेवतीला मुलगी झाली. सासूबाईंनी नात पाहिली ती फोनवर. रेवतीने दिराला स्पष्ट सांगितलं होतं की माझी मुलगी त्या घरात, त्या बाईसमोर जाणार नाही. दीर एकटा यायचा, फोटो दाखवायचा, मान खाली घालून निघून जायचा. मधे माझी भाषणं रोह्याला व्हायची. रेवती पहिल्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसायची. मी समतोलावर बोलायचे. भाषण झाल्यावर तिच्याकडे पोह्याचे पापड खायचे आणि घरी येऊन सासूबाईंना म्हणायचे, दिसली नाही हो मला.

आणि मग मी लेख लिहिला. लिहिणारच! इतकं चांगलं दुःख घरात फुकट पडून होतं. बाजूला बसवलेली एक तरुण सून, दर महिन्याला चव्हाट्यावर येणारी तिची कूस, चटई, चहा थांबणं — सगळं घातलं. निर्दय सासू घातली. सासूविरुद्ध एकटी उभी राहणारी मोठी जाऊ घातली. दिवाळी अंकात आला, बायकांचे फोनवर फोन. नवऱ्याने अभिमानाने तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. मी पडवीच्या दाराशीच होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, हे आपल्याच घरातलं हाय का रे? नवरा हसला, म्हणाला, लेखक असंच मीठमसाला लावून लिहितात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — आपलं काय चुकलं ते पोराने मास्तरांच्या चेहऱ्यावर शोधावं तसं पाहिलं. आणि उठून कुकर लावायला गेल्या, कारण लेख छापून आला त्या आठवड्यात मी बाजूला बसले होते.

माझी पाळी कायमची गेल्यावरही मी दोनेक वर्षं बसत होते. पन्नाशीची बाई, पडवीत, पुस्तक घेऊन! मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि करणारं कुणी उरलं नाही. त्या दिवसापासून मला कावळा कधीच शिवला नाही. घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेवटच्या महिन्यात त्या रेवतीचं नाव घ्यायच्या. मला म्हणायच्या, तुझा ऐकते ती, बोलाव ना. मी हो म्हणायचे. रोह्याला फोन करायचे, तब्येत सांगायचे, आणि पुढे तिलाच विचारायचे — येतेस का? बघ हं, तुझ्या मनाविरुद्ध नको. कसं विचारलं की माणूस येत नाही, ते मला चांगलं कळतं, शब्दांवरच तर पोट भरलंय. ती आली आणि दोघी बोलायला बसल्या तर? एका वाक्यात सगळं उघडं पडलं असतं. म्हणून रेवती आली नाही. सासूबाई गेल्या.

तेराव्याला ती मुलीला घेऊन आली. जेवणं उरकली, माणसं पांगली, आम्ही दोघी मागे सतरंज्या झटकत होतो. सतरंजीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घडी घालताना ती जवळ आली आणि म्हणाली,

"ताई, मी आईंना माफ केलंय. आज फोटोसमोर हात जोडून सांगितलं त्यांना. आणि तुम्ही माझ्यासाठी त्यांच्याशी किती बोललात, ते मी कधी विसरणार नाही."

मी सतरंजीचं टोक तिच्या हातातून घेतलं. म्हणाले, "चांगलं केलंस."

सासूबाईंनी काहीही केलेलं नव्हतं. त्यांनी बंद करूया का म्हणून विचारलं होतं. नको म्हणाले ती मी.